हिरवळीतली आंबुशी

बालमित्रांनो, शाळेच्या बागेतली हिरवळ नीट पाहिली आहे का? उन्हात गवत कसं दाट असतं! पण झाडाखाली, भिंतीच्या कडेला, जिथे सावली नि ओल असते, तिथे गवत विरळ होतं. मग तीन-तीन पानांची एक नाजूक वनस्पती जमिनीलगत पसरते. माळीकाका तिला तण म्हणतात आणि आजी म्हणते, "अरे, ही तर आंबुशी!" दोघांचंही बरोबर आहे.

आधी ओळख करून घेऊ. एका देठावर तीन पर्णिका दिसतील. प्रत्येक पर्णिका पत्त्यांतल्या बदामासारखी, टोकाला खाच असलेली. मेथीलाही तीन पर्णिका असतात, पण अशी खोल खाच नसते. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, शर्टाच्या बटणाएवढं. शेंग उभी, पाच धारांची, जणू बाहुलीच्या घरातली भेंडीच! १७५३ साली लिनिअसने हिचं शास्त्रीय नाव छापलं, ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा. पहिल्या शब्दात 'आंबट' दडलंय आणि दुसऱ्यात 'छोटी शिंगं'. ही शिंगं म्हणजे तिच्या शेंगा.

ती पसरते दोन प्रकारांनी. खोड जमिनीवर सरपटतं आणि पेरापेराला मुळं फुटतात. शिवाय पिकलेल्या शेंगेला बोट लावून पाहा. टिक्! बीभोवतीचं ताणलेलं आवरण एकदम उलटं होतं आणि बी मीटरभर, कधी त्याहूनही लांब उडते.

आता खरा प्रश्न. गवताला आंबुशीने हाकललं का? सावलीत तरी नाही. आपल्याकडच्या हिरवळीत बहुतेक वेळा हरळी, म्हणजे दूर्वा असते. तिला भरपूर ऊन लागतं. सावलीत ती आपोआप विरळ होते आणि रिकामी झालेली जागा आंबुशी घेते. म्हणून नुसती आंबुशी उपटून तिथे गवत परत येत नाही. मग गवतासाठी झाडाच्या फांद्या छाटायच्या? की तणनाशक फवारायचं, तेही मुलं अनवाणी खेळतात तिथे? त्यापेक्षा झाडाखाली आंबुशीच राहू दिली तर? जमीन झाकलेली राहते, पावसात माती वाहून जात नाही. आणखी एक पाहुणा येतो. पेल ग्रास ब्ल्यू नावाचं इवलंसं निळसर फुलपाखरू आंबुशीवर अंडी घालतं. त्याच्या अळ्या हीच पानं खाऊन वाढतात.

मात्र कुंड्यांत आणि भाजीच्या वाफ्यांत तिला मोकळं रान देऊ नका. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते, तेव्हा शेंगा धरण्याआधीच मुळासकट उपटा. मोठ्या पानांची, गुलाबी फुलांची एक आंबुशीही बागेत दिसते. ती मूळची अमेरिका खंडातली. तिची पानं थेट जमिनीतून वर येतात आणि मातीखाली छोटे छोटे कंद असतात. वरवर ओढलं तर कंद आत राहतात नि ती पुन्हा उगवते. तिला खुरप्यानेच काढावं लागतं.

पालकांसाठी दोन शब्द. आंबुशीची चटणी, भाजी आपल्याकडे करतात. पण तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, म्हणून ती थोडीच खावी. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी टाळावी. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या जागेची तर मुळीच नको. आणि मुलांनो, मोठ्यांनी ओळखून दिल्याशिवाय कुठलंही पान तोंडात घालायचं नाही!

करून पाहा : काळवंडलेल्या तांब्याच्या भांड्यावर मूठभर पानं चोळा आणि धुऊन टाका. काय दिसलं? मग सावलीतल्या हिरवळीचा एक चौरस फूट तुकडा निवडा. सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला आंबुशीची पानं उघडी आहेत की मिटलेली, ते आठवडाभर वहीत लिहा. कोण कधी मिटतं, ते पानंच तुम्हाला सांगतील.