नदीत सॅमन भरपूर, तरी मासेमारी बंद! अमेरिकेत ऑगस्टची ट्रिप आखणं इतकं अवघड का झालंय?

ऑगस्ट उजाडला की इन्स्टाग्रामवर एक ठरावीक रील फिरायला लागतं. पहाटेचं धुकं, छोटी बोट, कमानीसारखी वाकलेली गळाची काठी आणि दोन हातांत मावत नाही एवढा चंदेरी मासा. लोकेशन : कोलंबिया नदी. सिएटल किंवा पोर्टलंडच्या आयटी कंपनीत तुमचा मित्र किंवा मावसभाऊ असेल, तर 'यंदा सॅमनला जायचंय' हे वाक्य तुमच्या कानावरही आलं असेल.

(आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडच्या हॉटेलांत 'इंडियन सॅमन' म्हणून जो मिळतो तो रावस. चवीला झकास, पण सॅमनच्या कुळातला नाही.)

रीलमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे त्यामागचं नियोजन. सुट्टी टाकली, हॉटेल घेतलं, बोटवाल्याला पैसे दिले आणि निघायच्या आदल्या दिवशी सरकारी सूचना आली : उद्यापासून चिनूक सॅमन पकडून ठेवायला मनाई. गंमत म्हणजे त्याच दिवशी नदीतून हजारो चिनूक वर चाललेले असतात. मग बंदी कशासाठी?

ऑगस्टच का?

सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि काही वर्षांनी अंडी घालायला पुन्हा आपल्याच ओढ्याकडे परततो. पॅसिफिक सॅमनचा हा शेवटचा प्रवास, अंडी घातली की तो मरतो. स्टीलहेड मात्र वेगळा. तो खरं तर रेनबो ट्राउटच, फक्त समुद्र पाहून आलेला. अंडी घालूनही तो कधी कधी जगतो आणि पुन्हा समुद्र गाठतो.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चिनूक, कोहो आणि उन्हाळी स्टीलहेड असे तिघंही कोलंबियात एकाच वेळी सापडतात. नदीच्या मुखाशी, ओरेगनमधल्या ॲस्टोरिया गावाजवळ 'बॉय १०' नावाचा पट्टा आहे. जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेवरून पडलेलं हे नाव. साधारण १ ऑगस्टला तिथला मोसम सुरू होतो आणि भरती-ओहोटीचं गणित मांडून बोटींची जत्रा भरते.

मुखापासून सुमारे २३५ किलोमीटर वर बॉनव्हिल धरण आहे. माशांना धरण ओलांडता यावं म्हणून तिथे पायऱ्यापायऱ्यांची वाट केली आहे आणि १९३८ पासून तिथून जाणारा मासा मोजला जातो. रोजचा आकडा ऑनलाइन येतो. आपल्याकडे लोक सेन्सेक्स बघतात, तसे तिकडचे गळवाले हा आकडा बघतात.

मासे आहेत, मग बंदी का?

कारण नदीतला प्रत्येक चिनूक सारखा नसतो. कोलंबिया आणि तिच्या उपनद्यांमधले सॅमन-स्टीलहेडचे १३ समूह अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली संरक्षित आहेत. यातला पहिला स्नेक नदीचा सॉकाय, १९९१ मध्ये यादीत आला. पुढच्याच वर्षी आयडाहोतल्या रेडफिश तलावात परतलेल्या सॉकायची संख्या होती १. त्या एकट्या नराला लोकांनी नावही दिलं, 'लोनसम लॅरी'.

हे दुर्मीळ मासे आणि हॅचरीत वाढवून सोडलेले मुबलक मासे एकाच पाण्यातून एकत्र वर जातात. ओळखायची खूण एकच. हॅचरीच्या बहुतेक पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटासा पर कापलेला असतो. स्टीलहेडचा पर शाबूत असेल तर तो जंगली समजायचा आणि सोडून द्यायचा. चिनूकबाबतही अनेक पट्ट्यांत, अनेक दिवशी हाच नियम असतो.

पण सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. म्हणून सोडलेल्यांपैकी किती मरत असतील याचा अंदाज अधिकारी हिशेबात धरतात. प्रत्येक संरक्षित समूहासाठी नुकसानीची मर्यादा ठरलेली असते. ती भरत आली की ओरेगन आणि वॉशिंग्टन ही दोन राज्यं मिळून मोसम आवरतात, बाकी मासे कितीही असोत. म्हणजे तुमच्या ट्रिपची तारीख मुबलक माशावर नाही, सगळ्यात दुर्मीळ माशावर ठरते. आपल्या किनाऱ्यावरच्या पावसाळी बंदीसारखा तारखा पाठ असलेला हा कारभार नाही.

कमेंट सेक्शनमध्ये याचा राग बऱ्याचदा आदिवासींच्या जाळ्यांवर निघतो. तो अन्यायाचा आहे. याकमा, युमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या चार जमातींनी १८५५ च्या करारांत प्रचंड जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. न्यायालयांनीही तो मान्य केला आहे. उलट त्यांचं हजारो वर्षांचं मासेमारीचं ठिकाण, सेलिलो धबधबा, १० मार्च १९५७ ला द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली गेलं. एकेकाळी या खोऱ्यात दरवर्षी १ कोटी ते १ कोटी ६० लाख मासे परतत, असा अंदाज आहे. आज त्याचा छोटा हिस्सा उरलाय आणि त्यातही बहुतेक हॅचरीचे.

त्यात पाणी तापलंय

सॅमनला थंड पाणी लागतं. कोलंबियासाठी २० अंश सेल्सिअस ही मर्यादा मानली जाते, पण ऑगस्टमध्ये ती सर्रास ओलांडली जाते. धरणांमागे साचलेलं संथ पाणी आणखी तापतं. २०१५ च्या उन्हाळ्यात सुमारे अडीच लाख सॉकाय या नदीत मेले.

अशा वेळी स्टीलहेड थंड उपनद्यांच्या मुखाशी गोळा होतात, जसे आपण मे महिन्यात बसस्टॉपच्या सावलीत. साहजिकच गळवालेही तिथेच जमायचे. म्हणून ओरेगनने अशा काही जागा उन्हाळ्यात मासेमारीला बंद केल्या. कुठे कुठे दुपारी २ नंतर गळ टाकायला मनाई असते. २०२१ मध्ये तर स्टीलहेड इतके कमी आले की डेश्युट्ससारख्या प्रसिद्ध नदीवरही त्यांची मासेमारी थांबवावी लागली.

आणि मग राजकारण

कोलंबियाची मोठी उपनदी असलेल्या स्नेकच्या खालच्या टप्प्यात १९६२ ते १९७५ दरम्यान चार धरणं झाली. ती काढा, ही जमाती आणि पर्यावरण संघटनांची जुनी मागणी. धरणं वीज देतात, गव्हाचे बार्ज आयडाहोपासून समुद्रापर्यंत नेतात, डेटा सेंटरमुळे विजेची भूक वाढतेय, हा विरोधकांचा मुद्दा. डिसेंबर २०२३ मध्ये बायडेन सरकारने तडजोड केली : खटला थांबवायचा, मासे वाचवायला पैसा आणि पर्यायी वीज उभी करायची. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ती रद्द केली आणि भांडण पुन्हा कोर्टात गेलं. योगायोग बघा, सेलिलो बुडवणाऱ्या धरणाशेजारच्या द डॅल्स गावातच गूगलचं मोठं डेटा सेंटर आहे.

धरण काढल्यावर काय होतं, याचं ताजं उदाहरण दक्षिणेला क्लॅमथ नदीवर आहे. तिथली चार धरणं २०२४ मध्ये पूर्ण हटली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये चिनूक ओरेगनच्या हद्दीत दिसला, १९१२ नंतर पहिल्यांदा. मात्र ती धरणं वीज कमी द्यायची आणि ती चालवणं कंपनीलाच परवडत नव्हतं. स्नेकचं गणित इतकं सोपं नाही.

कॅलिफोर्नियाच्या समुद्रात २०२३ आणि २०२४ मध्ये सॅमनची मासेमारी पूर्ण बंद होती. २०२५ च्या जूनमध्ये हौशी गळवाल्यांना दोन दिवस मिळाले आणि तेवढ्यातच उन्हाळ्याची ठरलेली मर्यादा ओलांडली गेली.

तरीही जायचंच असेल तर?

रद्द करता येईल असंच बुकिंग करा. परवान्याबरोबर सॅमन-स्टीलहेडची नोंद करायचं वेगळं टॅग किंवा कार्ड लागतं, ते विसरू नका. निघण्याच्या आदल्या रात्री दोन्ही राज्यांच्या मत्स्य विभागांच्या वेबसाइट बघा, कारण मुखाशी नदीच दोन राज्यांची हद्द आहे. आणि नवखे असाल तर गाइडची बोट घ्या. कोलंबिया जिथे समुद्राला मिळते त्या जागेला 'पॅसिफिकचं स्मशान' म्हणतात, ते उगाच नाही.

राहिला फोटो. वॉशिंग्टनमध्ये नदीवर जो सॅमन किंवा स्टीलहेड सोडून द्यायचा आहे, तो पाण्यातून पूर्ण बाहेर काढणंच बेकायदा आहे. तेव्हा पुढच्या वेळी ते रील समोर आलं की माशाच्या शेपटीजवळ झूम करा आणि तो छोटा पर जागेवर आहे का ते बघा.