मशीन लपवू नका

मुलीच्या कानातल्या मशीनबद्दल नव्या शाळेत सांगावे की लपवावे, असे एका बहिणीने विचारले आहे. मुलगी चौथीपर्यंत घराजवळच्या उर्दू शाळेत होती. तिथे सर्वांना तिची सवय होती. आता पाचवीला मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये जाते आहे. आईला भीती दोन: हेडमास्तर प्रवेश नाकारतील, आणि मोहल्ल्यात बोभाटा होऊन पुढे स्थळे येणार नाहीत.

पहिल्या भीतीला कायद्यात उत्तर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार सरकारी निधीवरच्या किंवा मान्यताप्राप्त शाळेला अशा मुलांबाबत भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. परीक्षेत जादा वेळ आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतीही त्यात सांगितल्या आहेत. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तयार ठेवा. दुसऱ्या भीतीबद्दल एवढेच म्हणेन, स्थळांना अजून दहा वर्षे आहेत. श्रुतलेखन येत्या सोमवारी आहे.

शिक्षकांना काय सांगायचे, ते महत्त्वाचे. मशीन आवाज मोठा करते, पण पंख्याचा आणि बाकांच्या खडखडाटाचाही करते. म्हणून मूल ओठांकडे बघून अर्थ लावते. फळ्याकडे तोंड करून बोललेले वाक्य तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिला पुढून पहिल्या-दुसऱ्या बाकावर, ज्या कानाने बरे ऐकू येते तो शिक्षकांकडे राहील असे बसवावे. ‘समजले का?’ विचारले की अशी मुले मान डोलावतात. त्याऐवजी ‘काय समजले ते सांग’ म्हणावे.

भाषेचा प्रश्न वेगळाच. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. ‘पान’, ‘बाण’, ‘मान’ यांतला नेमका शब्द मूल संदर्भावरून ओळखते आणि त्यासाठी तो शब्द आधी माहीत असावा लागतो. उर्दूतून आलेल्या मुलीला इथे दुहेरी कष्ट आहेत. पुढचा धडा दोन दिवस आधी घरी मोठ्याने वाचून घ्या, नवे शब्द समोर बसून बोला.

आणि हो, स्कार्फ! जाड, घट्ट कापड मशीनवर घासले की तिला खरखर ऐकू येते, कधी मशीन शिट्टीही मारते. मुले हसतात, मग ती मशीन काढून दप्तरात टाकते. कापड मऊ, पातळ आणि कानाशी सैल असावे. जादा सेल एक दप्तरात, एक वर्गशिक्षिकेकडे.

पाचवीत तासागणिक शिक्षक बदलतात. एकट्या वर्गशिक्षिकेला सांगून भागत नाही. हे सारे एका पानावर लिहून प्रत्येकाला प्रत द्या. वर्गातल्या मुलांना कोणी सांगायचे, टीचरनी की तिने स्वतः, हे मात्र तिला विचारा. ‘इतक्यात नको’ म्हणाली तर महिनाभर थांबा. शिक्षकांच्या बाबतीत थांबू नका.