धड सावरल्यावाचून पाऊल पडत नाही

अर्धांगवायूच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "पाय हलतो का?" तीन वर्षांपूर्वी माझी उजवी बाजू गेली तेव्हा मीही डॉक्टरांना हेच विचारले होते. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने मात्र पहिल्या दिवशी पायाकडे फारसे लक्षच दिले नाही. तिने मला खाटेच्या कडेला बसविले, पाठीमागची उशी काढून घेतली आणि सांगितले, "सर, आधी बसायला शिकायचे." आयुष्यभर वर्गात उभे राहून व्याख्याने दिलेल्या माणसाला बसणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, हे चौसष्टाव्या वर्षी कळले. उशी काढताच मी उजवीकडे कलंडलो होतो.

चालणे ही केवळ पायांची क्रिया आहे, असा आपला समज असतो. वस्तुतः एक पाय उचलला की शरीराचा सारा भार दुसऱ्या पायावर येतो आणि त्या क्षणी कंबर समतोल राखून धड सरळ ठेवण्याचे काम पोटाच्या, पाठीच्या व कमरेच्या स्नायूंना करावे लागते. ते स्नायू दुबळे असतील, तर पायात थोडी शक्ती परत आली तरी माणूस एका अंगाला झुकतो, पाऊल फरफटते, पडण्याच्या भीतीने तो पुढे चालायलाच धजत नाही. यात आशेची एक बाजूही आहे. धडाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा पोहोचत असल्यामुळे ते हातापायांसारखे एकाच बाजूला पूर्ण लुळे सहसा पडत नाहीत. सबब, सुधारणेचा पाया तेथे घालता येतो.

हे व्यायाम दिसायला अगदी साधे. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, तळवे गादीवर टेकवून कंबर वर उचलणे. त्याच स्थितीत दोन्ही गुडघे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकविणे. खाटेच्या कडेला बसून भार एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर नेणे. दोन्ही हात गुंफून पुढे वाकणे व पुन्हा सरळ होणे. शेवटी हातांचा आधार न घेता उठणे आणि बसणे. यंत्र लागत नाही, खाट पुरते. तथापि साधे म्हणजे कसेही केलेले नव्हे. श्वास रोखून जोर लावला तर रक्तदाब चढतो. दुबळ्या बाजूला माणूस उभा नसेल तर रोगी पडतो. झटका आल्यावर पहिल्या चोवीस तासांत उठविण्याची अति घाई केल्यास हानी होऊ शकते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले आहे. कोणता व्यायाम, कधी, किती, हे ठरवायला जाणता माणूसच हवा.

या व्यायामांचे मोल केवळ अनुभवावर अवलंबून नाही. बेल्जियममधील संशोधकांनी २००४ साली धडाचा तोल ० ते २३ गुणांत मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने ६८ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत सुमारे अडीच हजार रुग्ण होते. धडाच्या व्यायामाने तोल आणि चालणे सुधारते, असा त्याचा एकूण कौल आहे. पुष्कळशा चाचण्या लहान आहेत, पुरावा सर्वत्र सारखा भक्कम नाही, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

आता दुसऱ्या खाटेकडे वळू. माझ्याच सुमारास बाजार समितीत पोती वाहणाऱ्या, पन्नाशीतल्या एका हमालाला झटका आला. ज्याचे सारे भांडवल पाठकण्यात, त्याचे धडच गेले. सहाव्या दिवशी त्याला घरी पाठविण्यात आले. कागदावर गोळ्यांची यादी होती आणि शेवटच्या ओळीत "व्यायाम करावा" असे दोन शब्द. कोणता, किती, कोणी करून घ्यावा, याचा उल्लेख नव्हता. घरच्यांनी लुळा हात धरून त्याला उभे करण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा खांदा कायमचा दुखावला. बायकोने धुण्याभांड्याची कामे सोडली. चार महिन्यांनी मी काठी टेकीत वाचनालयापर्यंत गेलो, तेव्हा तो खाटेवरच होता. त्याचा झटका अधिक तीव्र असेलही; एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. परंतु माझ्यापाशी निवृत्तिवेतन होते आणि त्याच्यापाशी नव्हते, हा फरक वैद्यकशास्त्राने निर्माण केलेला नाही.

यावर एक स्वस्त उत्तर नेहमी सुचविले जाते. घरच्यांनाच शिकवा, ते करून घेतील! ऐकायला हे लोकाभिमुख वाटते, आपल्यापैकी काहींनाही ते पटते. परंतु ही कल्पना भारतातच तपासली गेली आहे. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसनाचे शिक्षण देण्यात आले, उरलेल्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर मृत वा परावलंबी असणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास ४७ टक्के होते. याचा अर्थ व्यायाम व्यर्थ असा नाही, कुटुंबाची माया व्यर्थ असाही नाही. प्रशिक्षित माणसाची जागा घरच्या माणसावर सोपवून भागत नाही, एवढाच याचा अर्थ. किंबहुना 'घरचे माणूस' म्हणजे बहुधा बायको, सून किंवा शाळा सुटलेली मुलगी. तिच्या श्रमाची किंमत कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणूनच हा मार्ग स्वस्त भासतो.

राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली ठरविले होते की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर जाईल. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के भार लोकांच्या खिशावर होता. आयुष्मान भारत योजना रुग्णालयात भरती झालेल्यांसाठी. घरी गेल्यावर तिची साथ १५ दिवसांची. चालायला शिकणे मात्र महिनोन् महिने चालते. म्हणजे जीव वाचविण्याचा खर्च समाज उचलतो आणि वाचलेल्या जीवाला उभे करण्याची वेळ आली की हात आखडता घेतो.

पैसा नाही, ही सबब येथे लंगडी पडते. या उपचारात परकीय यंत्र नाही. खर्च आहे तो मुख्यतः माणसाच्या पगाराचा. श्रमप्रधान, अल्पभांडवली आणि सुशिक्षितांना काम देणारी याहून चांगली सार्वजनिक गुंतवणूक क्वचितच सापडेल. शिवाय ही विद्या या देशात धनिकांच्या दवाखान्यांतून आलेली नाही. १९५०च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, तिचे शिक्षण मुंबई महापालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. करदात्यांच्या पैशावर जन्मलेल्या या सेवेवर हमालाचा हक्क नाही, असे कोण म्हणेल?

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यापासून सुरुवात करावी. २०१०-११ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात सामुदायिक आरोग्य केंद्रावर पुनर्वसन कर्मचारी आणि घरभेटी यांची तरतूद आहे. ती जागा आपल्याकडे मंजूर आहे का, भरलेली आहे का, की कंत्राटावर लटकत आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत कायम फिजिओथेरपिस्ट, रुग्णाला घरी पाठविताना लेखी व्यायामपत्रक व दाखवून दिलेला पाठ, आणि आरोग्य योजनांत सहा महिन्यांच्या पुनर्वसनाचा समावेश, या तीन मागण्या आपल्या निवेदनांत यायला हव्यात. हमालांच्या, शेतमजुरांच्या, घरकामगारांच्या संघटनांनी त्या स्वतःच्या मानाव्यात.

ती फिजिओथेरपिस्ट मुलगी मला बसवून समोर पेला धरीत असे आणि दररोज तो वीतभर लांब नेत असे. हात पुढे करताना पडणार नाही असा भरवसा धडाला आला, की पाय आपोआप तयारीला लागतात. मला तो भरवसा विकत घेता आला. ज्याला तो विकत घेता येत नाही, त्याच्यासमोर पेला धरणारे कोणी तरी असले पाहिजे, आणि ते सरकारी पगारावर असले पाहिजे.