नेटचंही माप बघा



मोंढ्यातल्या अडत दुकानाचा काटा ठरावीक काळाने सरकारी वैधमापन खात्याकडून तपासून घ्यावा लागतो, त्यावर शिक्का बसतो. दूध पातळ आलं तर आपण त्याच सकाळी दूधवाल्याला बोलतो. पण दर महिन्याला सहा-सातशे रुपये मोजून घेतलेलं इंटरनेट? ते गोल फिरत बसलं की "आज नेट स्लो आहे" म्हणून सोडून देतो. माझ्या मते तेही मोजायलाच हवं, आणि घरातल्या बाईनेच. मुलीचा क्लास अडकला की हाक आईलाच येते ना!

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातला एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त माप वापरणं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात "100 एमबीपीएस" आणि शेजारी बारीक अक्षरात "पर्यंत", हे मला त्याच जातीचं वाटतं. कायद्याने ते चालत असेल, पण किराणा दुकानदाराने "एक किलोपर्यंत डाळ" विकली तर आपण घेऊ का?

पण आपलंही माप खरं हवं. तिसऱ्या खोलीत, दोन भिंतींआड बसून मोबाईलवर मोजायचं आणि कंपनीला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. वायफाय भिंतीत अडकतं. शक्य असेल तर लॅपटॉपला राउटरची वायर लावा, नाहीतर राउटरशेजारी उभ्या राहा. त्या वेळी घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही नेटवरून काढा. ट्रायचं 'मायस्पीड' ॲप 2016 पासून आहे, फुकट आहे. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला, असं आठवडाभर मोजून वहीत लिहा. रात्रीचा आकडा सोडू नका. एकच लाईन अनेक घरांत वाटलेली असते, आणि गल्लीतले सगळे एकदम बसले की खरं माप तेव्हाच दिसतं.

अजून एक. एमबीपीएसमधलं 'एमबी' म्हणजे मेगाबिट, फाईलचं 'एमबी' म्हणजे मेगाबाईट. आठ बिटांचा एक बाईट. म्हणजे 100 च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा एमबीच उतरणार. ती फसवणूक नाही.

आमच्याकडे बीडला 100 चा प्लॅन आहे. वायर लावून सकाळी नव्वदच्या आसपास, रात्री नऊला वीसच्या आत, सलग आठ दिवस. "ताई, तुमचा मोबाईल जुना झालाय," असं तक्रारीवर उत्तर आलं. वायर लावून घेतलेले आकडे वाचून दाखवले, तेव्हा "वर कळवतो" म्हणाले.

2023 मध्ये सरकारने ब्रॉडबँडची किमान व्याख्या 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएस केली. शंभर विकणाऱ्याला दोनाचा नियम काय धाक घालणार? म्हणून नुसतं फोनवर बोलून थांबू नका. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका. माझा अपिलाचा अर्ज सोमवारी गेला, सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो जोडून.