डॉट एच गेला, अनुस्वारही गेला

इंदापूरची माझी नात बारामतीला कॉलेजात सी प्लस प्लस शिकते. जुन्या पुस्तकातला प्रोग्रॅम नव्या कम्पायलरवर टाकला, की पहिल्याच ओळीला एरर! 1998 च्या मानकाने 'आयओस्ट्रीम'पुढचं 'डॉट एच' काढलं आणि 'सीआउट'ला 'एसटीडी'च्या घरात नेलं. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी 'नाहीं'वरचा अनुस्वार काढला, तसंच हे. आधी लिहिणारे चुकले नव्हते, नियम बदलला होता.

दुरुस्ती दोन ओळींची. पण ती नुसती उतरवून दिली, तर मूल पुढच्या बदलाला पुन्हा अडणार आणि स्वतःलाच ढ समजणार. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की शिकवणाऱ्याने जुना नियम, नवा नियम आणि साल, तिन्ही फळ्यावर लिहावं. पटतंय का?