जहाजे आहेत, खलाशी कोठे?

क्रिकेटमुळे न्यूझीलंडचे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. नकाशावर हा देश ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला दोन मोठ्या बेटांच्या रूपाने दिसतो. त्याची जमीन सुमारे २ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडी कमीच. लोकसंख्या सुमारे ५३ लाख. एकट्या मुंबईच्या निम्मीही नाही. परंतु या छोट्या देशाच्या वाट्याला आलेला समुद्र फार मोठा आहे.

१९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासेमारीचा आणि समुद्रतळाच्या संपत्तीचा हक्क त्या त्या देशाचा असतो. या पट्ट्याला अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. न्यूझीलंडचे हे क्षेत्र सुमारे ४१ लाख चौरस किलोमीटर आहे. ते त्याच्या जमिनीच्या पंधरा पट आणि भारताच्या अशा क्षेत्राहूनही मोठे आहे. शिवाय समुद्रात संकटात सापडलेल्यांना शोधण्याची त्याची जबाबदारी सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटरवर पसरलेली असून ती जवळजवळ विषुववृत्तापासून थेट दक्षिण ध्रुवापर्यंत जाते.

एवढ्या समुद्रावर एवढ्या थोड्या माणसांनी लक्ष कसे ठेवावे? हा प्रश्न लष्कराचा वाटला तरी त्याचे निम्मे उत्तर तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे. उरलेले निम्मे मात्र यंत्रांच्या यादीत सापडत नाही. माझे म्हणणे त्या उरलेल्या निम्म्याविषयी आहे.

क्षितिजाचे गणित

पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रावर आपली नजर क्षितिजापाशी अडते. नजरेची ही रेषा म्हणजे पृथ्वीच्या वर्तुळाला काढलेली स्पर्शिका. स्पर्शिका आणि छेदिका यांचे प्रमेय तुम्ही शिकला आहात. त्यावरून क्षितिजाच्या अंतराचा वर्ग हा निरीक्षकाची उंची आणि पृथ्वीचा व्यास यांच्या गुणाकाराइतका जवळजवळ येतो. व्यास १२,७४२ किलोमीटर धरला तर एक सोपा नियम मिळतो: उंचीच्या मीटरमधील संख्येचे वर्गमूळ घ्या आणि त्याला ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळेल.

जहाजाच्या डोलकाठीवर २५ मीटर उंचीवरून पाहिले तर क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर असते. ९,००० मीटर उंचीवरील विमानातून तेच सुमारे ३४० किलोमीटरवर जाते. रडारच्या लहरी वातावरणात किंचित वाकतात, म्हणून रडारचे क्षितिज याहून थोडे लांब असते.

आता स्थूल हिशेब करू. जहाजाचे रडार दोन्ही बाजूंना २० किलोमीटर पाहते आणि जहाज ताशी २८ किलोमीटर वेगाने जाते असे धरू. तासाला १,१२० चौरस किलोमीटर समुद्र नजरेखालून जाईल. न्यूझीलंडचे सारे क्षेत्र एकदा पाहायला अशा एका जहाजाला रात्रंदिवस चालूनही सुमारे पाच महिने लागतील. विमानाचे क्षितिज लांब असले तरी छोटी होडी तेवढ्या अंतरावरून ओळखू येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना १०० किलोमीटरच धरू आणि वेग ताशी ७५० किलोमीटर. विमान तासाला दीड लाख चौरस किलोमीटर पाहील आणि हेच काम सुमारे २७ तासांत होईल.

हे गणित न्यूझीलंडच्या योजनाकारांना चांगले ठाऊक आहे. छोट्या देशाला सर्वच गोष्टी परवडत नाहीत. काय ठेवायचे आणि काय सोडायचे ते ठरवावे लागते. २००१ मध्ये त्या देशाने आपले लढाऊ विमानांचे दळ बंद केले, पण समुद्रावर गस्त घालणारी ओरायन विमाने ठेवली. १९६६ साली आलेली ही विमाने २०२३ पर्यंत चालली. त्यांच्या जागी चार पोसायडन विमाने घेण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला. त्यासाठी सुमारे २३४ कोटी न्यूझीलंड डॉलर मंजूर झाले. तळापासून सुमारे २,२०० किलोमीटरवर जाऊन तेथे चार तास गस्त घालण्याची या विमानाची क्षमता आहे. याच जातीची विमाने भारतीय नौदलाकडे २०१३ पासून असून २०२२ मध्ये गोव्यातील हंसा या तळावर त्यांचे दुसरे पथक सुरू झाले.

विमान आले, जहाज थांबले

डिसेंबर २०२२ मध्ये पहिले पोसायडन न्यूझीलंडला पोहोचले. त्याच सुमारास नौदलाने आणखी एक गस्तीचे जहाज धक्क्याला बांधून ठेवण्याचा निर्णय घेतला. नौदलाकडे जहाजे होती नऊ. त्यांपैकी तीन अशी उभी राहिली. ती मोडली नव्हती, इंधनही संपले नव्हते. ती चालवायला पुरेसे तंत्रज्ञ आणि खलाशी नव्हते.

असे का व्हावे? २०२० ते २०२२ या साथीच्या काळात सैन्यातील सहा हजारांहून अधिक लोक आळीपाळीने विलगीकरणाच्या हॉटेलांवर आणि सीमांवर कामाला लावले गेले. ते काम आवश्यक होते यात शंका नाही. पण ज्या कामासाठी ही माणसे शिकली होती ते त्यांच्या हातून सुटले, सराव थांबला, घरापासून दूर राहणे मात्र चालूच राहिले. त्याच वेळी बाहेरच्या बाजारात विजेच्या आणि यंत्रांच्या जाणकारांना जास्त पगार मिळू लागला. परिणामी सुमारे दोन वर्षांत पूर्णवेळ, प्रशिक्षित अशा गणवेशधारी मनुष्यबळापैकी जवळजवळ ३० टक्के लोक निघून गेले.

शाळेतील मुलांच्या गळतीविषयी आपण ऐकतो, तशीच ही सैन्यातील गळती. तिचे गणित किरणोत्सर्गी पदार्थाच्या ऱ्हासासारखे मांडता येते. दोन वर्षांत ३० टक्के म्हणजे वर्षाला सुमारे १६ टक्के. या दराने शंभर जणांच्या तुकडीतील निम्मे लोक चार वर्षांत जातात. म्हणजे तुकडीचे अर्धायुष्य चार वर्षे. दर ८ टक्के असता तर ते सुमारे आठ वर्षे आले असते.

आता दहा वर्षांनंतर काय उरते ते पाहा. ८ टक्के दराने शंभरांपैकी ४३ जण उरतात. १६ टक्के दराने अवघे १७. गळती दुप्पट झाली, पण दहा वर्षांचा अनुभव असलेली माणसे निम्म्याहूनही कमी झाली. आणि जहाजाचे इंजिन, रडार, दिशादर्शन हे सारे ज्यांच्या भरवशावर चालते ती नेमकी हीच माणसे.

या उपमेला एक मर्यादा आहे आणि ती महत्त्वाची आहे. अणूला शेजारच्या अणूचे काही कळत नाही. शेजारी गेला म्हणून तो जाण्याची घाई करत नाही. माणसाला कळते. चौघांचे काम तिघांवर पडले की तिघांची रजा कमी होते, फेऱ्या वाढतात, आणि तिसराही अर्ज लिहू लागतो. म्हणजे एका मर्यादेनंतर साधा ऱ्हास राहत नाही. तो शृंखला अभिक्रियेकडे झुकतो.

पैशाने काय मिळते, काय मिळत नाही

न्यूझीलंडच्या सरकारने हे ओळखले. २०२३ च्या अंदाजपत्रकात सैन्याच्या पगारवाढीसाठी चार वर्षांत ४० कोटींहून अधिक डॉलर देण्याचे ठरले, आणि पुढे गळतीचा दर उतरलाही. मग प्रश्न सुटला का? माझ्या मते पूर्णपणे नाही. २०२२ मध्ये जो अनुभवी तंत्रज्ञ गेला त्याच्या जागी नवा मुलगा भरती झाला, तरी दहा वर्षांचा अनुभव त्याच्याकडे २०३२ पूर्वी येणार नाही. मधल्या काळात त्याला शिकवणारेही कमीच असणार. वयोगटांच्या रांगेत पडलेले हे भगदाड दरवर्षी एक पायरी वर सरकत राहते.

अनुभव आणि प्रशिक्षण कमी पडले तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण पुढे आले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यूझीलंडच्या नौदलाचे मानावानुई हे सर्वेक्षण जहाज सामोआजवळ प्रवाळाच्या खडकावर चढले, पेटले आणि दुसऱ्या दिवशी बुडाले. जहाजावरील ७५ जण सुखरूप वाचले, ही भाग्याची गोष्ट. चौकशीत आढळले, की जहाजाचे स्वयंचलित सुकाणू चालूच राहिले होते आणि जहाज वळत नाही म्हणून यंत्रात बिघाड झाला असा समज झाला होता. महत्त्वाच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणातील आणि पात्रतेतील उणिवांवरही चौकशी अहवालाने बोट ठेवले. अपघाताला एकच कारण नसते, म्हणून सारा दोष गळतीवर टाकणे योग्य नाही. यंत्र आपल्या नियमाप्रमाणेच वागत होते, हे मात्र ध्यानात घ्यावे. ते काय करते आहे हे वेळेत ओळखण्याचे काम माणसाचे होते.

आयर्लंडची गोष्ट याहून विलक्षण आहे. न्यूझीलंडने सेवेतून काढलेल्या दोन छोट्या गस्तीनौका त्या देशाने २०२२ मध्ये विकत घेतल्या. त्यांना थोडे खलाशी पुरतात, हे त्यांचे एक आकर्षण होते. कारण आयर्लंडच्या नौदलात १,०९४ पदे मंजूर असूनही २०२३ मध्ये प्रत्यक्षात माणसे ८०० हून कमी होती. एका मोठ्या जहाजावर लादून या नौका अर्धी पृथ्वी ओलांडून आल्या. तिकडेही अडचण तीच: समुद्र मोठा, नौका आहेत, माणसे अपुरी.

यंत्रे माणसांची जागा घेतील काय?

काही वाचक म्हणतील, की हा प्रश्न यंत्रेच सोडवतील. या म्हणण्यात तथ्य आहे. रडार बसवलेले उपग्रह ढगांतून आणि अंधारातूनही जहाजे टिपतात. ३०० टनांवरील आंतरराष्ट्रीय जहाजांना आपली ओळख आणि स्थान सतत प्रक्षेपित करणारे यंत्र बसवावेच लागते. २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या नौदलाने ऊन, वारा आणि लाटा यांवर चालणारी ब्लूबॉटल नावाची मानवरहित नौका चाचणीसाठी घेतली. अशा साधनांचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु ज्याला चोरून मासे पकडायचे आहेत तो आपले ओळखयंत्र बंद करतो. उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे मासेमारी नौका, तरंगता ओंडका की लाटेचा भास, हे पारखणारा जाणकार लागतो. आणि ठिपका नौकेचाच निघाला तर त्या नौकेवर चढून जाळे तपासणारा, किंवा बुडणाऱ्याला हात देणारा माणूस कोठून तरी जावाच लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी युद्धनौका टास्मान समुद्रात आल्या, तेव्हा त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी न्यूझीलंडने पोसायडन विमान पाठवले आणि ते काहा हे फ्रिगेटही पाठवले. दोन्हींत माणसेच बसलेली होती. यंत्र माणसाची नजर लांबवते. त्याचे काम ते संपवत नाही, बदलते. बहुधा ते अधिक कठीणच करते.

सैन्यातून कोणीच जाऊ नये, असेही माझे म्हणणे नाही. नवे रक्त आले पाहिजे. अनुभवी माणसे बाहेरच्या उद्योगांत गेली तर देशाचा फायदाच होतो. प्रश्न दराचा आहे. टाकीत येणारे आणि जाणारे पाणी यांचा मेळ बसला पाहिजे, हे गणित पाचवीतला मुलगाही करतो.

एप्रिल २०२५ मध्ये न्यूझीलंडने संरक्षणासाठी चार वर्षांत १,२०० कोटी डॉलर खर्चाची योजना जाहीर केली. अशा प्रत्येक योजनेत वस्तूंच्या यादीशेजारी आणखी एक रकाना असावा असे मला वाटते: ही वस्तू कोण चालवणार, त्याला शिकायला किती वर्षे लागणार, आणि तो का टिकून राहील? हा रकाना भरता येत नसेल तर वस्तूची संख्या कमी करावी. धक्क्याला बांधलेली तीन जहाजे कागदावर नऊच्या हिशेबात दिसतात, पण समुद्रावर त्यांची बेरीज शून्य असते.

शिक्षकांना एक विनंती आहे. वरील क्षितिजाचा हिशेब आणि अर्धायुष्याचा हिशेब हे दोन्ही वर्गात करून घ्यावेत. दुसऱ्या हिशेबात गळतीचे दर बदलून विद्यार्थ्यांना आलेख काढू द्यावेत. मग त्यांच्याबरोबर आपल्याच शाळेच्या प्रयोगशाळेचे कपाट उघडावे आणि त्यातील किती उपकरणे चालवून दाखवणारे कोणी आज शाळेत आहे, याची यादी करावी. जेथे ते कोणी नसेल, तेथे नवे उपकरण मागण्यापूर्वी चालवणारा तयार करावा. न्यूझीलंडच्या अनुभवातून आपल्याला लगेच घेता येईल असा धडा हाच आहे.