यूएपीए: जामीन कठीण, खटला लांबलेला, मग तपासावर लक्ष कोण ठेवतं?

१३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि १७ जणांचा जीव गेला. अशा गुन्ह्यांच्या तपासाला जास्त अधिकार लागतात, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. पण त्या अधिकारांचा वापर नीट होतोय का, हे कोण तपासतं?

कायदा काय सांगतो?

बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) कायदा, म्हणजेच यूएपीए, १९६७ चा आहे. २६/११ च्या हल्ल्यानंतर, २००८ मध्ये तो आणखी कडक झाला. आरोपपत्रासाठीची ९० दिवसांची मुदत न्यायालय १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले, तर जामीन मिळत नाही.

पुण्यातल्या प्रकरणांत काय घडलं?

३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. त्या प्रकरणात जून २०१८ मध्ये अटक झालेल्या रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तो जानेवारी २०२५ मध्ये. तोवर आरोपनिश्चितीही झाली नव्हती आणि साक्षीदार होते तीनशेहून अधिक. ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कोठडीतच वारले.

सुधा भारद्वाज यांना डिसेंबर २०२१ मध्ये जामीन मिळाला. आरोपपत्राची मुदत वाढवून देणाऱ्या पुण्यातल्या न्यायालयाला तो अधिकारच नव्हता, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. ही चूक लक्षात यायला तीन वर्षं लागली.

जर्मन बेकरी खटल्यात २०१३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने हिमायत बेगला फाशी सुनावली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कटाच्या आरोपातून त्याला मुक्त केलं आणि स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप कायम ठेवली. तपास न्यायालयात टिकला नाही, तर त्याची किंमत मृतांचे नातेवाईकही मोजतात.

मग देखरेख आहे कुठे?

खटला चालवण्याची परवानगी देण्याआधी, सरकारनेच नेमलेलं एक प्राधिकरण पुरावे तपासतं. त्यासाठी नियमांनुसार सात कामकाजाचे दिवस मिळतात. त्यानंतर वर्षानुवर्षं खटला रखडला, तरी फेरतपासणीची सोय नाही.

याआधीचे कायदे या बाबतीत वेगळे होते. टाडा आणि पोटाला मुदत होती. ती वाढवायची तर संसदेत चर्चा अटळ होती. पोटामध्ये उच्च न्यायालयाच्या आजी-माजी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली आढावा समितीही होती. ब्रिटनमध्ये एक स्वतंत्र परीक्षक दहशतवादविरोधी कायद्यांचा आढावा घेतो आणि त्याचा अहवाल संसदेसमोर येतो. यूएपीएखालच्या खटल्यांना यातलं काहीच लागू नाही.

पुढे काय?

जामीन कठीण ठेवायचा असेल, तर खटला लवकर चालवण्याची जबाबदारीही सरकारवर येते. खटला रखडल्यास यूएपीएतही जामीन देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. पण हा उपाय माणसाची वर्षं गेल्यावरचा आहे. ठरावीक काळाने स्वतंत्र आढावा झाला, तर कच्चा खटला लवकर उघडा पडेल आणि पक्का खटला वेळेत निकालापर्यंत पोहोचेल.